ते बरेच असतील असं धरायचं नाही

अगं,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. खरं सांगू का, नोकरीचं पॅकेज, गाईड काय म्हणाले, घरचे काय म्हणतायत, ते सगळं मी भराभर वाचत गेले आणि एका वाक्यावर अडकले. "मॅडम, जी मुलं फॉलोअपला आली नाहीत ती बरीच असतील ना, काही त्रास असता तर आलीच असती की." रात्री दीडला माणूस असं लिहितो हे मला कळतं, दमलेलो असताना स्वतःलाच समजावत असतो आपण. पण तेवढं वाक्य काही गळ्याखाली उतरेना. फोनवर बोलले असते तर ओरडले असते, म्हणून लिहितेय.

तू हुशार आहेस, बाळांसाठी जीव टाकतेस, हे सगळं धरूनच चाललेय, त्यावर वेळ घालवत नाही. नोकरी घ्यायची की नाही ते तुझं तू ठरव, कॉर्पोरेट एनआयसीयूला, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाला, नावं ठेवणारी मी नाही, तिथेही २६ आठवड्यांत जन्मलेली बाळं वाचतात आणि चांगली वाचतात. मला फक्त तुझ्या थिसिसच्या त्या यादीबद्दल बोलायचंय, एनआयसीयूतून घरी गेलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या. साधारण निम्मी मुलं दोन वर्षांच्या तपासणीला आली, बाकीची नाही आली, आणि गाईड म्हणतात आलेल्यांवर लिहून मोकळी हो. मी म्हणते न आलेल्यांची घरं गाठ. आधी ते. मग बाकीचं सगळं, थिसिस, पेपर, नोकरी, लग्न, काय असेल ते.

मूल का येत नाही याचा जरा विचार कर. एक तर ते खरंच ठणठणीत असतं आणि आईला वाटतं कशाला दिवसाची मजुरी बुडवून, एसटीचं भाडं घालून दवाखान्यात बसायचं आणि तिथल्या आजारी पोरांचा खोकला घरी आणायचा, आणि बरोबरच आहे तिचं. किंवा मूल अजिबात ठीक नसतं, मान धरत नाही, नजर देत नाही, आणि घरात रोज त्यावरून बोलणी खाऊन ती बाई इतकी थकलेली असते की अजून एका डॉक्टरसमोर तेच उगाळायला नको वाटतं. किंवा ते मूल राहिलेलंच नसतं, दीड वर्षाचं असताना न्यूमोनियाने गेलं आणि हॉस्पिटलला कळवायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही, का येईल? आणि तुझ्या एक्सेलमधे या तिघांसमोर एकच शब्द, लॉस्ट. तूच सांग, यांची सरासरी कशी काढणार आहेस?

१९९८ मधे इंग्लंडच्या उत्तर भागातल्या विन टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच सरळ तपासलं होतं. खूप अपुऱ्या दिवसांची जन्मलेली मुलं, वय दोन वर्षं, जी सहज सापडली ती एकीकडे आणि ज्यांना गाठताना नाकीनऊ आले ती दुसरीकडे. दुसऱ्या गटात अपंगत्व बरंच जास्त निघालं. आणि हे कुठे, तर इंग्लंडमधे, जिथे प्रत्येक पोराचा ठरलेला जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर असतो आणि कागद त्याच्या मागे मागे फिरतो. आपल्याकडे तर दोन्ही बाजूंनी गळती, एकदम बरी असलेलीही येत नाहीत आणि एकदम वाईट असलेलीही, मग मधलीच उरतात, आणि निकाल चांगल्या बाजूला झुकलाय की वाईट बाजूला हेसुद्धा छातीठोक सांगता येत नाही. कच्च्या पोरांना १७ नंबरचा फॉर्म भरायला लावून दहावीचा शंभर टक्के निकाल लावणाऱ्या शाळा तुला माहितीयेत ना? त्यांच्या गेटवरच्या फ्लेक्सवर तुझा विश्वास बसतो का? मग स्वतःच्या पेपरवर कसा बसेल.

तुला वाटत असेल हे आकड्यांचं खूळ आहे, बाळाला काय फरक पडतो. पडतो. तू जन्मलीस त्या सुमाराची गोष्ट सांगते. नव्वदच्या दशकात जगभर व्हेंटिलेटरवरच्या छोट्या बाळांना डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड द्यायची रीत पडली होती. फुफ्फुसं पटकन सुधारायची, बाळ व्हेंटिलेटरवरून उतरायचं, राउंडला सगळे खूश, डिस्चार्ज समरीत यशच यश. मग काही लोक त्या मुलांना पुढे बघत राहिले, त्यात तैवानचा एक गट होता, आणि दिसायला लागलं की इंजेक्शन मिळालेल्यांमधे सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा होऊन हातपाय आखडणं, जास्त आहे, हालचालींचे प्रश्न जास्त आहेत. २००२ मधे अमेरिकेच्या आणि कॅनडाच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी सांगितलं की हे असं सरसकट देऊ नका. त्याच्या आधी ऑक्सिजनचं तेच झालं होतं, चाळीस आणि पन्नासच्या दशकात सढळ हाताने दिला आणि हजारो बाळांची दृष्टी गेली. देणारे सगळे भले लोक होते, तुझ्यामाझ्यासारखेच, बाळ वाचावं म्हणूनच देत होते. एनआयसीयूच्या दारात उभं राहून बाळ जिवंत बाहेर पडलं एवढंच दिसतं. पुढचं बघायला कुणीतरी त्याच्या घरापर्यंत जावं लागतं, आणि ते कुणीतरी म्हणजे सध्या तू आहेस, तुझ्या यादीपुरती तरी.

आता मुद्द्याचं, जे तुला कुठल्याच मेथडॉलॉजीच्या वर्कशॉपमधे सांगणार नाहीत. तू म्हणतेस फोन लागत नाहीत, पत्ते चुकीचे आहेत. पत्ते चुकीचे नाहीत गं, पत्ते माहेरचे आहेत. पहिलं बाळंतपण, सातव्या महिन्यात पोरगी माहेरी आली, तिथेच पाणी गेलं, तिथूनच आणली, फॉर्म भरला तिच्या भावाने आणि नंबर दिला स्वतःचा. ती कधीच सासरी परत गेली, भावाने सिम बदललं, आणि तू माहेरच्या गावाला पत्र पाठवून वाट बघत बसलीस. त्यात फाइलीवर नाव काय, तर बेबी ऑफ अमुकतमुक, जुळी असतील तर ट्विन वन आणि ट्विन टू. बारसं नंतर झालं, शाळेत तिसरंच नाव लागलं, लग्नानंतर आईचंही नाव बदललेलं असू शकतं, आणि तू त्या गावात जाऊन विचारणार बेबी ऑफ कविता कुठे राहते. आख्ख्या गावात कविता किती!

म्हणून फाइल उघडून बाळाचं वजन नंतर बघ, आधी बघ की सासरचं गाव कुठेतरी लिहिलंय का. नसेल तर माहेरच्या आशाताईला गाठ, तिला सगळं माहीत असतं, कुठल्या घरची लेक कुठे दिली आणि जावई काय करतो ते सुद्धा. लसीच्या कार्डावर उपकेंद्राचं नाव असतं, तिथून अंगणवाडी सापडते, अंगणवाडीत ताई दर महिन्याला वजन करते, तिच्या रजिस्टरमधे पोराचं खरं नाव असतं. आरबीएसकेची, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, मुलं तपासणारी गाडी वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते, त्यांच्या डॉक्टरांशी ओळख करून ठेव, आपल्याच महाराष्ट्रात पालघरला २०१३ मधे सुरू झालेली योजना आहे ती आणि तिचा उपयोग करून घ्यायचं आपल्याच लोकांना सुचत नाही. फोन तू स्वतः कर, इंटर्नला लावायला सांगू नकोस. आणि संध्याकाळी सातनंतर कर, दिवसा माणसं कामावर असतात आणि फोन घरी चार्जिंगला असतो. हे सगळं करून मग मला सांग की मूल सापडत नाही. कोलंबियात बोगोटाला कांगारू केअरच्या, म्हणजे बाळाला उघड्या अंगाने आईच्या छातीशी धरण्याच्या, १९९३ ते ९६ च्या ट्रायलमधली मुलं त्यांनी वीस वर्षांनी शोधून काढली, ७१६ जणांतली ४९४, म्हणजे शंभरातली ६९. वीस वर्षांनी! तुला दोन वर्षांनी निम्मी सापडत नाहीत आणि म्हणे मॅडम आपल्या देशात अशक्य आहे.

चिडले. असू दे. माझ्या स्वतःच्या यादीतलं एक घर सांगते.

पुरंदरच्या बाजूला एक वस्ती, चौदाशे ग्रॅमचं बाळ होतं, वयाच्या आठव्या महिन्यानंतर तपासणीला आलंच नाही. मी गेले तेव्हा पोरगं सहा वर्षांचं असणार होतं. पिठाच्या गिरणीवाल्याने घर दाखवलं. सासूबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या, म्हणाल्या तो शाळेत गेलाय, मी म्हटलं बरं, बसते मग. चहा झाला. आई पदराशी चाळा करत दारात उभी, काही बोलेना. तेवढ्यात लांबून हॉर्न वाजला आणि आतल्या खोलीतून आवाज आला, "सासवड गाडी आली, आज लेट हाय." शाळेत गेलेलं पोरगं आत बसलं होतं. मग काय, ते भिंत धरून बाहेर आलं, दोन्ही गुडघे एकमेकांना घासत, टाचा जमिनीला टेकत नव्हत्या, मला डोळ्यांनीच डायग्नोसिस कळलं. आणि बोलायला कसलं खणखणीत! कुठली एसटी किती वाजता, कुठली नुसत्या हॉर्नवरून ओळखायची, कुठला ड्रायव्हर वस्तीवर थांबतो आणि कुठला थांबवत नाही, सगळं सांगितलं त्याने मला. अख्खा दिवस खिडकीत बसून शिकला होता. शाळेत घातलंच नव्हतं. आई निघताना रस्त्यापर्यंत आली आणि म्हणाली, "तिथं आलं की समदी इचारत्यात, अजून चालत न्हाई का. म्हणून न्हाई आले बाई."

आता तुझ्या त्या वाक्याकडे परत बघ. त्रास असता तर आली असती की.

पुढच्याच गावात दुसरं पोरगं सापडलं, तेही कित्येक वर्षं न आलेलं, ते वर्गात मॉनिटर, आणि त्याची आई माझ्यावरच तापली, म्हणाली त्याला काय झालंय, तुम्हीच चांगल्या पोराला आजारी करायला निघालाय. तिचंही बरोबर. दोघंही माझ्या रजिस्टरमधे एकाच रकान्यात होते, एकाच निळ्या पेनने.

जाताना कसं जायचं तेही सांगते कारण तू अतिउत्साहाने घोळ घालशील. ॲप्रन घालून जायचं नाही. हॉस्पिटलचं नाव लिहिलेली जीप दारात उभी करायची नाही, देवळापाशी थांबवायची आणि चालत जायचं. दारात गाडी थांबली की शेजारपाजारचे गोळा होतात आणि त्या बाईला पुढचं वर्षभर उत्तरं देत बसावं लागतं. रिकाम्या हाताने जायचं नाही, म्हणजे बिस्किटाचा पुडा नाही म्हणत मी, तो ने हवं तर. पोरात काही सापडलं तर पुढे कुठे जायचं, कुणाला भेटायचं, जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत, म्हणजे अशा मुलांवर लवकर उपचार करणाऱ्या केंद्रात, कुठल्या वारी फिजिओ असतो, श्रवणयंत्राचं काम कोण बघतं, याचा कागद तयार पाहिजे, नाव आणि वारासकट. नुसती माहिती काढून घ्यायला जाणार असशील तर जाऊ नकोस, मग तू आणि जनगणनेवाला यात काय फरक. आणि वय मोजताना करेक्टेड एज, म्हणजे बाळंतपणाच्या ठरलेल्या तारखेपासूनचं वय, धर हे तुला सांगायला नको, पण तिथल्या डॉक्टरला सांगावं लागेल, आजीला तर नक्कीच, कारण आजी म्हणणार याचा बाप पण उशिराच बोलला होता, आणि कधीकधी ते खरंही असतं.

दुसरी एक गोष्ट, तीही याच्याशीच जोडलेली. तुझ्याकडे कंट्रोल ग्रुपच नाहीये, म्हणजे तुलनेला पूर्ण दिवसांची मुलंच नाहीत. डीएएसआयआय ही बाळाच्या विकासाची चाचणी करणार आणि मॅन्युअलमधल्या नॉर्म्सशी, म्हणजे छापील प्रमाण आकड्यांशी, ताडून बघणार, ती स्केल मुळात बडोद्याच्या बाळांवर बेतलेली, तीही कित्येक वर्षांपूर्वीची. १९९५ मधे ब्रिटन आणि आयर्लंडमधे दहा महिन्यांत २६ आठवड्यांच्या आत जन्मलेली सगळी मुलं धरून एपिक्युअर नावाचा अभ्यास झाला, तो काढून परत वाच. सहाव्या वर्षी टेस्टच्या छापील नॉर्म्सशी तुलना केली तेव्हा आकलनात खूप मागे पडलेली मुलं निघाली २१ टक्के. तीच मुलं, तीच टेस्ट, फक्त तुलना त्यांच्याच वर्गातल्या पोरांशी केली तर आकडा गेला ४१ वर. डबल! कारण छापील नॉर्म्स जुने होतात आणि शेजारच्या बाकावरचं पोरगं आजचं असतं. म्हणजे बघ, मूल न शोधल्याने एक खोटेपणा येतो आणि शोधून चुकीच्या पट्टीने मोजल्याने दुसरा. त्यामुळे त्याच गावातलं, त्याच अंगणवाडीतलं, पूर्ण दिवसांचं एक पोरगंही बघून ये. गेलीच आहेस तिथे तर. जाणं महत्त्वाचं, सगळं त्या जाण्यातून येतं.

आणि आपल्याकडे होत नाही हे मला सांगूच नकोस. पुण्यात केईएम हॉस्पिटलमधे १९८७ ते ८९ या काळात जन्मलेली, दोन किलोच्या आतली बाळं डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या टीमने अठरा वर्षांची होईपर्यंत बघितली. मोबाईल नव्हते, व्हॉट्सॲप नव्हतं. बाराव्या वर्षी त्या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक ८९.५ आला आणि नॉर्मल वजनाच्या बरोबरीच्या मुलांचा ९७.२. दिवसही अपुरे आणि पोटात वाढही खुंटलेली, अशांचा सगळ्यात कमी. वर्गात बसणारी, डबा खाणारी, अंगणात खेळणारी मुलं, कुणालाही वरून काही कळणार नाही, पण फार कमी वजनाच्या मुलांना वाचन जड जातंय, गणित जड जातंय, हात आणि डोळा बरोबर चालत नाहीयेत. हे दोन वर्षांच्या तपासणीत कळलं असतं का? दोन वर्षांच्या पोराला कुठला पाढा येतो! तेव्हा तुझं दोन वर्षांचं सुद्धा अपुरंच आहे, आणि त्यातही तू निम्म्यावर थांबतेस.

मला माहितीये तू आत्ता काय विचार करतेयस. बाईंनी आयुष्यभर गावं पालथी घालून काय मिळवलं. विचार, मी पण करते. माझ्या बॅचच्या लोकांची कोथरूडला, बाणेरला तीन तीन मजली हॉस्पिटलं आहेत. माझे पेपर मोजकेच, कारण इतरांचा पेपर छापून येईपर्यंत मी अजून कुणाच्या तरी आत्याचा पत्ता शोधत असायचे. प्रमोशनच्या वेळी पेपरच मोजतात, घरं कोण मोजतं. एका सीनियरांनी भर मीटिंगमधे मला "आमच्या तलाठीणबाई" म्हटलं होतं, सगळे हसले, मी म्हटलं तलाठ्याला निदान गावातली माणसं माहीत असतात. नंतर घरी येऊन रडले, ते सोड. मुलगी अजून ऐकवते की तुला दुसऱ्यांच्या पोरांची जन्मवजनं पाठ होती आणि माझ्या गॅदरिंगची तारीख लक्षात नसायची. ते खरंय. त्याचं वाईट वाटतं, आता तर जास्तच वाटतं, आणि तरी तू विचारशील तर त्या रविवारी मी परत तिकडेच जाईन. हे चांगलं की वाईट ते ठरवत बसायचं माझं वय राहिलं नाही.

खरा सल वेगळाच आहे. ग्रँट तीन वर्षांची असते आणि मुलाला वाढायला वीस वर्षं लागतात. माझ्या यादीतली मुलं दहा-अकरा वर्षांची झाली आणि पैसे बंद, मी अर्ज केले, भांडले, जिथे जाऊन बसता येईल तिथे जाऊन बसले, उत्तर एकच, मॅडम यात आता नवीन काय आहे. नवीन काय आहे! अकराव्या वर्षी पोरगं नवीनच असतं, पंधराव्या वर्षी परत नवीन. फाइलींचं कपाट खालच्या स्टोअरमधे हलवलं, एका पावसाळ्यात भिंत पाझरली आणि वाळवीने जे करायचं ते केलं. ज्या मुलांचे गुडघ्याएवढे असल्यापासूनचे कागद मी जपले ती पुढे काय झाली, कामाला लागली का, लग्नं झाली का, काहींना डायबेटिस बीपी लवकर लागलं का, कुणालाच माहीत नाही. एसटीवाल्या पोराचं तेवढं माहितीये, पैसे बंद व्हायच्या आधीच्याच उन्हाळ्यात ते शाळेत बसलं होतं आणि पायाचं ऑपरेशन झालं होतं. त्यानंतरचं नाही. आणि म्हणून तू जेव्हा हातात यादी असताना, फोन असताना, पायात बळ असताना लिहितेस की बरीच असतील, तेव्हा माझा तोल जातो. तुझ्यावर राग नाही तो, पण पोचतो तुझ्यापर्यंतच, काय करू.

अजून एक, आणि हे मात्र तुझ्या थिसिसच्या बाहेरचं. कॅनडात हॅमिल्टनला सरोज सैगल नावाच्या मूळच्या भारतीय डॉक्टर आहेत, त्यांनी १९७७ ते ८२ मधे जन्मलेली, हजार ग्रॅमच्या आतली बाळं मोठी होईपर्यंत धरून ठेवली, बहुतेक सगळी शोधून काढली. आणि मग त्यांनी त्या पोरांनाच विचारलं, तुमचं आयुष्य तुम्हाला कसं वाटतं. पोरं म्हणाली चांगलं आहे की. अडचणी त्यांना जास्तच होत्या, त्या त्यांनी लपवल्या नाहीत, तरी आयुष्य एकूण कसं म्हटलं तर बऱ्याचशा मुलांचं उत्तर पूर्ण दिवसांच्या मुलांसारखंच. आणि अपंगत्वाच्या त्याच त्या अवस्थांना नवजात विभागातल्या डॉक्टर-नर्सेसनी किती मार्क दिले आणि मुलांनी, आईबापांनी किती दिले हे ताडून बघितलं तर आपली माणसं जास्त कंजूष निघाली. आपण म्हणजे तू आणि मी. आपण इनक्युबेटरजवळ उभं राहून मनातल्या मनात ठरवून टाकतो की याचं काही खरं नाही. ज्याचं खरं नाही म्हणून आपण हळहळतो त्याला कुणी विचारलेलंच नसतं, आणि विचारायचं तर आधी त्याला शोधावं लागतं. बघ, परत तिथेच आले मी. माझ्याकडे दुसरं काही सांगण्यासारखं नाहीच बहुतेक.

गाईडना काय सांगायचं ते सांगते. वाद घालू नकोस, ते वाईट नाहीत, त्यांच्या डोक्यावर डिपार्टमेंटचे आकडे आहेत. त्यांना म्हण, सर, सहा महिने द्या, आणि पेपरमधे पहिलं टेबल हेच असेल की कोण आलं, कोणाला आणावं लागलं, कोण वारलं, आणि या तिघांची जन्मवजनं, आठवडे, आईचं शिक्षण, गाव किती लांब. आलेल्या आणि शोधलेल्या मुलांचे निकाल वेगवेगळे दाखवीन म्हण. हे आपल्याकडे फार कमी लोक करतात, त्यांना ते आवडेलसुद्धा, पहिलं नाव कुणाचं लागेल ते सोड त्यांच्यावर. नोकरीवाल्यांना जॉइनिंग पुढे ढकलायला सांग, त्यांना माणसं मिळत नाहीयेत, ते थांबतील. आणि नाही थांबले तर दुसरे मिळतील, निओनेटॉलॉजिस्टला या राज्यात काम मिळालं नाही असं मी तरी ऐकलं नाही. २०२० च्या अंदाजानुसार आपल्या देशात वर्षाला तीस लाखांच्या आसपास बाळं अपुऱ्या दिवसांची जन्मतात, जगातल्या दर पाचातलं एक. काम संपणार नाहीये.

रविवारपर्यंत मला न आलेल्यांची यादी पाठव. आईचं नाव, बापाचं नाव, माहेरचं गाव, सासरचं गाव, शेवटचा लागलेला नंबर, एवढंच, आणि पासवर्ड लावून पाठव, ग्रुपवर टाकू नकोस. तुझ्या कन्सेंट फॉर्ममधे घरी भेट देण्याची परवानगी आहे ना ते आधी बघ, नसेल तर एथिक्स कमिटीकडे अमेंडमेंट टाक, त्यातच महिना जातो, उद्याच टाक. त्यात आष्टी, पाटोदा, शिरूर कासार अशी गावं असतील तर ती सगळ्यात आधी घ्यायची, कारण दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की ती घरं एप्रिलपर्यंत बंद, मग पोरगं कोल्हापूरकडे कुठल्या फडावर आहे ते मुकादमाला विचारत फिरावं लागेल. तेही करता येतं, मुकादमाचा नंबर गावातल्या किराणा दुकानात मिळतो. पण आत्ता गेलीस तर घरीच भेटतील. पहिल्या फेरीला मी येते बरोबर, गुडघे दुखतात पण गाडीत बसता येतं.